सोनकीचा फोटो आणि चौकटीतलं शून्य

गणपती उठले की मला हमखास एक मेसेज येतो. नाव दरवर्षी वेगळं, मजकूर जवळपास तोच. "ताई, भंडारदऱ्याला जाऊन आले. काय फुलं आहेत! मला यातल्याच एखाद्या फुलावर पीएचडी करायची आहे. कुठलं घेऊ?"

या प्रश्नाला मी आधी सरळ उत्तर द्यायचे. चार-पाच नावं सांगायचे, सोबत दोन-तीन निबंध पाठवायचे. आता आधी उलटा प्रश्न विचारते. तू भंडारदऱ्याला कधी गेलीस, आणि गाडीतून उतरल्यावर किती लांब चाललीस? प्रश्न खवचट वाटतो हे मला माहीत आहे. पण या लेखात मला जे सांगायचं आहे ते सगळं त्यातच आहे, म्हणून जरा तपशिलात जाते.

सुरुवात लांबून करू, इंग्लंडपासून. तिथे १९२९ साली 'अल्पाइन गार्डन सोसायटी' नावाची संस्था निघाली. उंच पर्वतावरची, झाडांची हद्द संपते त्याच्या वरची जी बुटकी झाडं, त्यांच्या शौकिनांची ही संस्था. वसंतात ठिकठिकाणी त्यांची प्रदर्शनं भरतात. एखाद्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यांवर ओळीने कुंड्या, आणि कुंडीत आल्प्स, हिमालय, इराणच्या डोंगरांतली झाडं. डायोनिसिया नावाची एक प्रजाती-मंडळी आहे, इराण-अफगाणिस्तानच्या कड्यांवरची. तिची कुंडी म्हणजे उशीसारखा गच्च हिरवा घुमट आणि तो पूर्ण झाकून टाकणारी पिवळी किंवा गुलाबी फुलं. पान दिसत नाही. लोक वाकून वाकून बघतात. सगळ्यात उत्तम ठरलेल्या झाडाला फॅरर पदक मिळतं. हे नाव रेजिनाल्ड फॅरर या वनस्पती-शौकिनाचं. डोंगरी झाडं शोधत फिरताना १९२० साली ब्रह्मदेशाच्या उत्तरेला त्याचा मृत्यू झाला.

ही झाडं सपाटीवर जगवणं सोपं नाही. डोंगरावर हिवाळाभर ती बर्फाखाली असतात, म्हणजे थंड पण कोरडी. इंग्लंडच्या हिवाळ्यात थंडी कमी आणि रिपरिप जास्त, त्यात ती कुजतात. म्हणून त्यांच्यासाठी न तापवलेलं, खिडक्या सताड उघड्या ठेवलेलं काचघर बांधतात, कुंडीत निम्म्याहून जास्त खडी-वाळू घालतात आणि पाणी मोजून देतात. म्हणजे प्रदर्शनात कौतुक होतं ते फुलाचं तर असतंच, पण त्याहून जास्त ते झाड कोणीतरी वर्षानुवर्षं मरू दिलं नाही याचं असतं.

आता त्या प्रदर्शनातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. त्यांचं वेळापत्रक छापील असतं आणि प्रत्येक वर्गाचे नियम त्यात उघड लिहिलेले असतात. कुंडी १९ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, सहा कुंड्या असतील तर सहाही झाडं वेगळी हवीत, अशा धर्तीचे. परीक्षक काय बघतात हेही सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे पदक मिळालेलं झाड हे पर्वतावरचं सगळ्यात महत्त्वाचं झाड आहे, असा गैरसमज तिथे कोणाचाच होत नाही. निवड कशावर झाली हे कागदावर आहे.

आपल्या प्रबंधात मात्र तसं नसतं. आपणही फूल निवडतो ते बरेचदा प्रदर्शनाच्याच नियमांनी, म्हणजे दिसतं कसं, रंग काय, रस्त्यापासून किती लांब. आणि प्रस्तावनेत लिहितो, "ही प्रजाती या अधिवासाचं प्रतिनिधित्व करते."

हे मी मनाने बोलत नाही. २०२१ साली 'नेचर प्लांट्स'मध्ये मार्तिनो अदामो आणि सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. संशोधनाच्या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने तो वाचावा असं माझं मत आहे, मग विषय वनस्पतिशास्त्र असो वा नसो. त्यांनी आल्प्सच्या नैर्ऋत्य भागातल्या ११३ वनस्पती घेतल्या आणि त्यांच्यावर १९७५ ते २०२० या काळात आलेले २८० शोधनिबंध गोळा केले. प्रश्न साधा होता. शास्त्रज्ञ अभ्यासासाठी कुठली झाडं निवडतात? ती पर्यावरणाच्या दृष्टीने वेगळी आहेत म्हणून, दुर्मिळ आहेत म्हणून, की छान दिसतात म्हणून?

मांडणी अशी की प्रत्येक वनस्पतीसमोर तिचे गुण लिहायचे. फुलाचा रंग, फुलाचा आकार, खोडाची उंची, ती किती मोठ्या प्रदेशात सापडते, कुठल्या उंचीवर वाढते, धोक्यात आहे का. मग त्या वनस्पतीवर किती निबंध आहेत हा आकडा, आणि कुठल्या गुणामुळे तो आकडा वाढतो-घटतो हे सांख्यिकी मॉडेलने तपासायचं. निष्कर्ष जरा लाजवणारा आहे. निळ्या फुलांच्या वनस्पतींकडे सगळ्यात जास्त लक्ष गेलेलं, हिरव्या-तपकिरी फुलांकडे सगळ्यात कमी. उंच खोडाच्या, म्हणजे न वाकता दिसणाऱ्या झाडांना फायदा. मोठ्या प्रदेशात पसरलेल्या झाडांना फायदा. आणि दुर्मिळतेचा परिणाम? रंगरूपाच्या तुलनेत किरकोळ.

निबंध वाचताना मी समासात पेन्सिलीने दोन प्रश्न लिहिले होते, ते इथे देते, कारण निबंध नुसता मान डोलवत वाचायचा नसतो. पहिला: निळ्या फुलांत जेन्शियनसारखी मंडळी येतात आणि ती औषधीही आहेत. मग आकर्षण निळ्या रंगाचं की औषधाचं? दुसरा: उंच झाड निवडलं जातं ते आवडलं म्हणून, की सापडलं म्हणून? सापडणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या निस्तरायच्या उपाययोजनाही वेगळ्या. तरीसुद्धा मुख्य मुद्दा हलत नाही. कारण काहीही असो, लक्ष समान वाटलं गेलेलं नाही, आणि वाटपाचा नियम कोणीच लिहून ठेवलेला नाही.

आता आपल्याकडे येऊ. काटेकोर बोलायचं तर महाराष्ट्रात 'अल्पाइन' काहीच नाही. हिमालयात साधारण साडेतीन-चार हजार मीटरच्या आसपास झाडांची हद्द संपते, आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. पर्वतावर झाडं थांबतात ती मुख्यतः गारठ्यामुळे. वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान साधारण ६ अंशांच्या खाली गेलं की झाडाला झाड म्हणून वाढता येत नाही. आपल्या सड्यावर झाडं नाहीत त्याचं कारण थंडी नव्हे. तिथे मातीच नाही. बसाल्टचा कातळ, त्यावर काही ठिकाणी बोटभर माती. चार महिने पाणी साचलेलं, उरलेले आठ महिने तोच कातळ उन्हात तापलेला, आणि बारमाही वारा.

पण परिणाम बघा, किती सारखा आहे. पातळ माती, कडक ऊन, वारा, आणि वाढायला मिळणारा काळ तोकडा. तिथे बर्फ वितळण्यापासून बर्फ पडेपर्यंत, इथे पहिल्या पावसापासून जमीन वाळेपर्यंत. म्हणून इथेही झाडं बुटकी, घाईने फुलणारी. काही कंद किंवा गड्ड्याच्या रूपात जमिनीत दडून बसतात, काही एका पावसाळ्यात उगवून बी टाकून मोकळी होतात. आणि काही तर चक्क वाळतात, कुरकुरीत होतात आणि पाणी मिळालं की पुन्हा हिरवी होतात. ट्रायपोगॉन नावाचं गवत यातलंच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पतींची यादी मांडली. त्याआधी इथून जेमतेम नऊ माहीत होत्या. नऊवरून बासष्ट! ही झाडं काही लपून बसलेली नव्हती, लोक त्यांच्यावरून चालत होते. कोणी त्यांना वाळलेल्या अवस्थेत उचलून पाण्यात घालून बघितलं नव्हतं एवढंच.

नगर जिल्हा म्हटलं की (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) लोकांच्या डोळ्यापुढे पारनेर-जामखेडचा दुष्काळ येतो. पण अकोले तालुक्याची पश्चिम कड म्हणजे वेगळाच मुलूख. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, घाटघर, साम्रद. घाटघरला जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. यातला बराच भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथे निसर्गाचं प्रदर्शनच भरतं. उतारच्या उतार सोनकीने पिवळे, मधे तेरड्याचा गुलाबी पट्टा, ओल्या कातळावर सीतेच्या आसवांची जांभळी-निळी झाक, गेंदाची पांढरी बटणं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या शेवटी पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेत भरतं, पण तिथे सड्यावरचं यातलं काही दिसायचं नाही. जानेवारीत सडा तपकिरी झालेला असतो आणि सगळी मंडळी जमिनीखाली. आपला वसंत भाद्रपदात येतो, त्याला इलाज नाही.

लोकांनी बघायला यावं, खुशाल यावं. मीही पहिल्यांदा अशीच गेले होते, गाडीतून, कॉलेजच्या ट्रिपला. माझं म्हणणं पर्यटकांबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात मी सड्यावर एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी टाकत होते. चौकट म्हणजे क्वाड्रॅट. दोरीचा किंवा पाइपचा चौकोन ठेवायचा आणि आतली प्रत्येक वनस्पती नोंदवायची. कुठे ठेवायचा? मी 'साधारण सगळीकडे' ठेवत होते. मनात अगदी प्रामाणिक भावना होती की मी सगळा सडा व्यापतेय. हंगाम संपल्यावर सगळे जीपीएस बिंदू नकाशावर टाकले, सरांना दाखवले. सर थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पायवाट छान काढलीस."

खरंच. बिंदू जोडले तर पायवाट उमटत होती. आणि जिथे ती सोडली होती तिथे एखादं रंगीत काहीतरी होतं. मी चौकट ठेवत नव्हते, फूल मला चौकट ठेवायला लावत होतं. त्या आकडेवारीतून मी जर लिहिलं असतं की सड्यावर सोनकीचं प्रमाण इतकं, तर ते सड्याबद्दल नव्हे, माझ्या डोळ्यांबद्दलचं विधान झालं असतं. एक पूर्ण पावसाळा गेला. पावसाळा वर्षातून एकदाच येतो, हे वेगळं सांगायला नको.

याला संशोधनाच्या भाषेत नमुन्यातला कल म्हणतात. त्याचे प्रकार बरेच आहेत, पण सड्यावर तीन विशेष छळतात.

जागेचा कल सगळ्यांना कळतो. रस्ता, पायवाट, वाहनतळ यांच्याजवळच्या नोंदी जास्त. हर्बेरियममधले जुने नमुने, नागरिक-विज्ञानाच्या ॲपवरचे फोटो, सगळ्यांत हा आहे.

काळाचा कल मात्र पटकन लक्षात येत नाही. आपण जातो सप्टेंबरात, कारण तेव्हा 'फुलं असतात'. पण सड्यावर पहिला बहर पहिल्या पावसानंतर लगेच येतो. जूनमध्ये डिपकाडी, क्लोरोफायटम, रानहळद वर येतात. ज्याला गावात कोणी फोडशी म्हणतं, कोणी कुलूची भाजी म्हणतं, ती क्लोरोफायटमचीच कोवळी पानं. सप्टेंबरात तुम्ही जाता तेव्हा यातल्या बऱ्याच जणांची फुलं संपून नुसती पानं उरलेली असतात, तीही गवतात हरवलेली. म्हणजे तुमच्या यादीत ती नाहीत, आणि नाहीत म्हणून 'इथे आढळत नाही' असा निष्कर्ष. एका गावात एका मावशींकडे जेवायला थांबायचे मी. त्या एकदा सहज म्हणाल्या, "तुम्ही फुलं आली का येता. आम्ही पानं फुटली का जातो." माझ्या संशोधन पद्धतीवर इतकी नेमकी टीका कुठल्या परीक्षकाने अजून केलेली नाही. नंतर त्यांनी मला फोडशी आणि तिच्यासारखी दिसणारी पण न खायची पानं शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला. वर्गीकरणाच्या पुस्तकातली किल्ली फुलावरून चालते, फूल नसेल तर पुस्तक गप्प. ज्यांना जूनमध्ये भाजी काढायची असते त्यांना फुलाची वाट बघून चालत नाही.

तिसरा कल डोळ्याचा, म्हणजे ओळखू येण्याचा. यासाठी कंदीलपुष्पाचं उदाहरण घेते. सेरोपेजिया या प्रजातीच्या कितीतरी जाती सह्याद्रीत आहेत आणि त्यातल्या अनेक जगात दुसरीकडे कुठे नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातूनही सेरोपेजिया लावीसारख्या जातींच्या नोंदी आहेत. फूल म्हणजे एक नळी, खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला कंदील. लहानशा माश्या वासाने आत शिरतात. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे बाहेर येता येत नाही. फूल कोमेजायला लागलं की केस मऊ पडतात, माशी सुटते आणि परागांची पिशवी घेऊन दुसऱ्या कंदिलात अडकते. यंत्रणा काय कमाल आहे! पण रंग बरेचदा हिरवट, फिकट, त्यावर तपकिरी-जांभळट छटा, आणि आजूबाजूला गुडघाभर गवत. फुललेलं झाड पायाशी असून पुढे निघून गेलेले लोक मी पाहिलेत. फुललेलं नसेल तर विचारूच नका, मीही गेलेय.

आता एक अपवाद, कारण माझा मुद्दा फारच गुळगुळीत व्हायला लागलाय. शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावावरून डॅल्झेलने हे नाव दिलं. शिवनेरी, महाबळेश्वर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर ती आहे, अकोल्यातल्या रंधा धबधब्याची नोंदही छापील वाङ्मयात आहे. फूल तपकिरी-किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके, चांदणीसारखं. अदामोंच्या हिशोबाने हिच्याकडे कोणी बघायला नको. पण हिच्यावर बरंच काम झालंय. मधे तर जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या बारा वनस्पतींच्या यादीत तिचं नाव होतं. का? एक तर तिच्या निवडुंगासारख्या दिसणाऱ्या कुळबंधूंमध्ये नीट पानं असलेली ही एकटी, त्यामुळे वर्गीकरणवाल्यांना रस. दुसरं म्हणजे खोडाचा तुकडा लावला की येते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या मांसल वनस्पतींच्या शौकिनांकडे ती कुंडीत आहे, प्रदर्शनाच्या टेबलावर आहे. म्हणजे कड्यावर दुर्मिळ आणि कुंडीत सुखात. तपकिरी फूल प्रसिद्ध झालं, पण तेही कुंडीत मावलं म्हणून! आणि कुंडीतल्या हजार रोपांवरून कड्यावर तिचं बी का रुजत नाही, तिथे परागीकरण करायला कोण येतं, कडा कोसळला तर पुढे काय, यातलं काही कळत नाही. कुंडी जात वाचवू शकते, ते मी नाकारत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांनी सेरोपेजियांचा जो संग्रह उभा केला त्याचं मोल फार मोठं आहे. पण कुंडीतलं झाड आणि कड्यावरचं झाड हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यात जमा करायचं नाही.

आणि कारवी? तिचा मोह अनेकांना होतो. ती फुलते सात-आठ वर्षांनी एकदा. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ ला फुलली, मग २०१६ ला. तुमची फेलोशिप पाच वर्षांची. गणित तुम्हीच करा.

आता कामाचं. दुसऱ्या पावसाळ्यात मी काय बदललं ते सांगते. हे काही माझे शोध नाहीत, पद्धतीच्या पुस्तकांत सगळं आहे. फक्त चूक झाल्यावर वाचलं की नीट कळतं.

चौकटीची जागा घरी बसून ठरवली. सड्याचं आधी भागांत वाटप केलं: उघडा कातळ, उथळ पाण्याची डबकी, माती साचलेले खळगे, भेगा, गवताळ उतार. मग क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक भागात यादृच्छिक बिंदू काढले. संगणकाला फुलांची आवड नसते, त्याचा एवढाच उपयोग. बिंदूवर पोचल्यावर चौकट दोन फूट सरकवायचा मोह होतोच, शेजारीच काहीतरी सुंदर असतं. नाही सरकवायची. कड्यांवर मी दोराने उतरणार नव्हते, म्हणून कडे सोडले, पण सोडले हे लिहिलं. प्रबंधात 'सड्याची वनस्पतीसंपदा' असं न म्हणता 'चालत पोचता येणाऱ्या सड्याची' असं म्हटलं. वाक्य कुरूप झालं, पण खरं झालं.

त्याच बिंदूंवर तीनदा गेले. जूनच्या शेवटी, ऑगस्टमध्ये, सप्टेंबरच्या शेवटी. तक्त्यात 'आहे' आणि 'फुललेलं आहे' असे दोन वेगळे रकाने. पहिल्या वर्षी माझ्याकडे एकच रकाना होता आणि मला कळतही नव्हतं की मी दुसराच भरतेय. प्रत्येक चौकटीला ठरावीक वेळ, कमी नाही, जास्त नाही, नाहीतर सुंदर चौकटीत अर्धा तास आणि नुसत्या कातळात दोन मिनिटं असं होतं. आणि एक घरगुती नियम: आधी यादी, मग फोटो. कॅमेरा एकदा बाहेर आला की डोळा फक्त फूल शोधतो.

शिवाय परवानगी. अभयारण्यात अभ्यासासाठी जायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि एक पान तोडायचं तरी ती परवानगी त्यासाठी आहे का हे बघावं लागतं. अर्ज मार्चमध्येच करा. मे महिन्यात अर्ज करून जूनच्या पहिल्या पावसाची स्वप्नं बघू नका. दुर्मिळ जातींचे अचूक जीपीएस बिंदू जाहीर ठिकाणी टाकू नका, हेही त्यातच आलं.

ज्यांना अजून शेतात जायचं नाही त्यांच्यासाठी एक टेबलावरचा उद्योग सुचवते. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पाला छान आहे. प्रधान आणि सिंह यांची अहमदनगर जिल्ह्याची फ्लोरा १९९९ साली प्रसिद्ध झाली आहे. त्यातून सड्यावरच्या साठ-सत्तर जाती उचला. प्रत्येकीचा फुलाचा रंग, उंची, प्रदेशनिष्ठ आहे का, कुठल्या महिन्यात फुलते, खाण्यात किंवा औषधात आहे का, असे रकाने करा. शेवटच्या रकान्यात तिच्यावर किती शोधनिबंध सापडतात तो आकडा. म्हणजे अदामोंचंच काम, अकोल्यासाठी. खाण्याचा आणि औषधाचा रकाना मात्र विसरू नका, समासातला माझा पहिला प्रश्न त्यानेच सुटेल.

यात एक खड्डा आहे, मी पडलेय म्हणून सांगते. वनस्पतींची नावं बदलतात. सोनकी आज सेनेसियो बॉम्बेएन्सिस, जुन्या निबंधात सेनेसियो ग्रॅहमाय. कारवी कुठे स्ट्रोबिलँथस कॅलोसा तर कुठे कार्व्हिया कॅलोसा. शिंदळ माकुडी फ्रेरिया इंडिका, आणि हल्लीच्या वर्गीकरणात बूसेरोसिया फ्रेरी. एकाच नावाने शोधलं तर निम्मे निबंध हुकतील. त्यातही जास्त हुकतील ते ज्यांची नावं वारंवार बदलली त्यांचे, म्हणजे आणखी एक कल तुम्हीच तयार केलात. आधी सगळी समानार्थी नावं गोळा करा, मग शोधा.

आकडे काय येतील मला माहीत नाही. कदाचित आपल्याकडे निळा जिंकणार नाही, औषधी जिंकेल. कदाचित पिवळा. गवतं आणि लव्हाळे तळाला असतील असा माझा अंदाज आहे, आणि सड्याचा मोठा भाग त्यांनीच झाकलेला असतो. अंदाज चुकला तर मला जरूर कळवा, मला आनंदच होईल.

राहता राहिला तो मूळ प्रश्न, कुठलं फूल घेऊ. आवडतं फूल घ्यायला माझी हरकत नाही. पाच वर्षं भिजायचं, वाळायचं, पुन्हा भिजायचं, तर काहीतरी आवडलेलं हवंच. फक्त वहीच्या पहिल्या पानावर, प्रस्तावनेच्या भाषेत नव्हे, साध्या मराठीत लिहून ठेव की हे मी का निवडलं. 'पिवळं धमक होतं आणि रस्त्यालगत होतं' असं असेल तर तसंच लिही. मग त्या निवडीमुळे कुठला प्रश्न विचारता येतो आणि कुठला येत नाही, हे सरांशी बसून ठरव.

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या यादृच्छिक बिंदूंपैकी एक घाटघरच्या बाजूला उघड्या कातळावर पडला होता. सप्टेंबरच्या फेरीत तिथे पोचायला ओल्या दगडांवरून बराच वेळ गेला. दोन्ही बाजूंना सोनकी डोलत होती आणि चौकटीत शेवाळ, एका भेगेत ट्रायपोगॉनचे तीन झुपके आणि बाकी दगड. 'फुललेलं' या रकान्यात शून्य लिहिलं. ठरलेला वेळ पूर्ण होईपर्यंत तिथेच उकिडवी बसले, तेव्हा शेवटी शेवटी शेवाळात नखाएवढं एक ड्रोसेराचं रोप दिसलं, दवबिंदूंसकट, अजून कळीही नसलेलं. 'आहे'च्या रकान्यात एक ओळ वाढली.